न सापडलेल्याची नोंद

अस्थिमज्जेत तयार होणारी तांबडी रक्तपेशी प्रौढ होताना आपले केंद्रक बाहेर टाकून देते. त्याआधीच्या पेशीविभाजनात एखादे गुणसूत्र तुटलेले असेल, तर त्याचा तुकडा मुख्य केंद्रकात सामावला जात नाही. केंद्रक गेले तरी तो मागे राहतो आणि रिकाम्या पेशीत एकटाच, गोल, गडद ठिपक्यासारखा दिसतो. त्याला सूक्ष्मकेंद्रक म्हणतात. एखादे औषध, कीटकनाशक किंवा रंगद्रव्य आपल्या गुणसूत्रांना इजा करते का, हे ठरवण्याच्या ज्या मोजक्या मान्यताप्राप्त रीती आहेत, त्यांतली एक म्हणजे हे ठिपके मोजणे. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक पद्धतीप्रमाणे प्रत्येक उंदरामागे अशा किमान ४००० कोवळ्या पेशी पाहाव्या लागतात. तीन वेगवेगळ्या मात्रा, निव्वळ द्रावक दिलेला एक गट आणि ज्याची हानी आधीच ठाऊक आहे असे रसायन दिलेला एक गट, प्रत्येक गटात पाच उंदीर, असा हिशेब केला तर एका पदार्थासाठी १ लाख पेशी होतात. धडधाकट उंदरातही हजारामागे दोन-तीन ठिपके असतातच. ते वाढले आहेत का, एवढाच प्रश्न असतो.

मी काही वर्षे ही मोजणी केली आहे. रंगाचा एखादा कण पेशीवर बसला तर तोही हुबेहूब तसाच दिसतो. सूक्ष्मदर्शकाचा स्क्रू किंचित मागेपुढे केला की रंगाचा कण चमकून उठतो आणि खरा ठिपका पेशीच्याच पातळीवर राहतो. हा फरक वाचून कळत नाही, शेजारी बसून कुणीतरी दाखवावा लागतो. काचपट्टीवर केवळ सांकेतिक क्रमांक असतो. कोणती पट्टी कोणत्या गटाची हे मोजणाऱ्याला ठाऊक नसते आणि ते नसावे असाच नियम आहे. कित्येक आठवडे असे गेल्यावर क्रमांकांची यादी उघडली जाते, आकडे आपापल्या रकान्यात बसतात आणि बहुतेक वेळा निघते ते एवढेच, की गटागटांत काही फरक नाही.

जनुकीय विषशास्त्रात उभी हयात घालवलेल्या संशोधकाच्या खाती अशा ‘काही आढळले नाही’ची थप्पी जमलेली असते. बाजारात येणारा जवळजवळ प्रत्येक नवा पदार्थ या थप्पीच्या भरवशावर आपल्या शरीरात जातो. तरीही संशोधकाचे मोल ठरवणारी आपली आजची रीत या थप्पीला रद्दी समजते, आणि तिचा जो भाग उद्योगांच्या पैशाने तयार होतो तो कपाटात कुलूपबंद राहतो. माझे म्हणणे असे आहे की या दोन्ही गोष्टींचे मूळ एकच आहे. हानीचा शोध हीच बातमी आणि हानीचा अभाव म्हणजे काहीच नाही, असे आपण धरून चाललो आहोत. आणि जोवर हा समज बदलत नाही तोवर सुरक्षिततेविषयीच्या कोणत्याही सरकारी शिक्क्यावर विश्वास ठेवायला सामान्य माणसाजवळ पुरेसे कारण नाही.

या शास्त्राची सुरुवातच मुळी ‘नसलेल्या’ गोष्टी मोजण्यातून झाली. शार्लोट आउअरबाख ही १८९९ साली जर्मनीतील क्रेफेल्ड येथे जन्मलेली ज्यू बाई बर्लिनमध्ये शाळेत शिकवत होती. १९३३ साली नाझी राजवटीने तिची नोकरी काढून घेतली, तेव्हा ती एडिंबरोला आली आणि तिथल्या प्राणी-आनुवंशिकी संस्थेत १९३५ मध्ये तिने डॉक्टरेट मिळवली. क्ष-किरणांमुळे फळमाशीत उत्परिवर्तने, म्हणजे आनुवंशिक द्रव्यातले कायमचे बदल, होतात हे १९२७ साली दाखवणारे हर्मन म्युलर पुढे काही वर्षे त्याच संस्थेत होते आणि जनुक म्हणजे काय हे समजून घ्यायचे असेल तर उत्परिवर्तन घडवणारी रसायने शोधा, असा त्यांचा आग्रह होता. इकडे औषधशास्त्र विभागातील ए. जे. क्लार्क आणि जे. एम. रॉबसन यांना मस्टर्ड वायूच्या जखमा क्ष-किरणांच्या जखमांसारख्या वाटत होत्या: भरायला फार वेळ लागणाऱ्या, भरल्यावर पुन्हा उघडणाऱ्या. १९४० साली आउअरबाखने रॉबसन यांच्याबरोबर फळमाश्यांना मस्टर्ड वायू द्यायला सुरुवात केली. हे काम औषधशास्त्र विभागाच्या इमारतीच्या गच्चीवर, आज कोणत्याही सुरक्षा समितीला घाम फुटेल अशा साधनांनी चाले आणि त्यात तिचे हात भाजून निघाले.

तिच्या मोजणीची रीत म्युलर यांनी बसवलेली होती आणि ती तपशिलात पाहण्यासारखी आहे. रसायन दिलेल्या नर माशीचा संकर एका खास वाणाच्या मादीशी करायचा. त्या वाणाच्या एका एक्स-गुणसूत्रावर एक मारक जनुक मुद्दाम राखलेले असते. पुढच्या पिढीतल्या ज्या मुलींकडे हे गुणसूत्र आईकडून आणि तपासायचे गुणसूत्र बापाकडून आलेले असते, त्यांना वेगवेगळ्या कुप्यांत ठेवायचे आणि त्यांची पिल्ले पाहायची. नराकडे एक्स-गुणसूत्र एकच, आईकडून आलेले, असते; त्यामुळे मारक जनुक मिळालेले मुलगे मरतातच. उरलेल्या निम्म्यांना आजोबाचे, म्हणजे रसायन भोगलेल्या नराचे, एक्स-गुणसूत्र मिळते. त्या गुणसूत्रावर नवे घातक उत्परिवर्तन झाले असेल तर तेही मरतात आणि कुपीत एकही नर उरत नाही. म्हणजे संशोधकाने कुपीमागून कुपी उचलायची, भिंग लावायचे आणि नर नसलेल्या कुप्या मोजायच्या. रसायनांनी आनुवंशिक द्रव्य बदलते याचा हा पुरावा अशा रिकाम्या जागांवर उभा राहिला.

१९४१ उजाडल्यावर निकाल स्पष्ट झाला होता. पण मस्टर्ड वायू हे युद्धास्त्र; त्यामुळे निष्कर्ष गुप्त ठेवले गेले आणि ‘नेचर’मध्ये ते प्रसिद्ध झाले १९४६ साली. त्याच सुमारास मॉस्कोत योसिफ रापोपोर्ट यांनी फॉर्माल्डिहाइडसारख्या साध्या रसायनांनीही फळमाशीत उत्परिवर्तने होतात हे स्वतंत्रपणे दाखवले. हा माणूस महायुद्धात आघाडीवर लढून एक डोळा गमावून परतला होता. १९४८ साली जनुकशास्त्र नाकारणाऱ्या आणि सरकारचा वरदहस्त असलेल्या लिसेंकोच्या गोटाने सोव्हिएत आनुवंशिकीचा गळा घोटला तेव्हा रापोपोर्ट भर सभेत तिच्या बाजूने उभे राहिले, माघार घेईनात, आणि त्यांना काम सोडावे लागले. एका ठिकाणी लष्करी गुप्तता, दुसऱ्या ठिकाणी सरकारी तत्त्वज्ञान. दोन्हीकडे नुकसान झाले ते ज्या लोकांच्या हाताखालून ही रसायने रोज जात होती त्यांचे. मस्टर्ड वायूच्याच कुटुंबातली नायट्रोजन मस्टर्ड ही रसायने १९४२ पासून अमेरिकेत कर्करोगाच्या रुग्णांवर वापरून पाहिली जात होती, तेही गुपचूप. विभाजन पावणाऱ्या पेशीच्या आनुवंशिक द्रव्यावर घाव घालण्याचा जो गुण माशीला मारत होता, त्याच गुणातून कर्करोगावरील रासायनिक उपचारांचा उगम झाला, हे उघडपणे जोडून पाहायला शास्त्रज्ञांना युद्ध संपण्याची वाट पाहावी लागली.

आउअरबाखची पुढची वर्षे मला पहिल्या शोधाइतकीच महत्त्वाची वाटतात, आणि चरित्रपर लेखांत नेमकी तीच दोन ओळींत उरकली जातात. रसायनाने घडवलेली उत्परिवर्तने क्ष-किरणांपेक्षा वेगळी वागतात असे तिच्या ध्यानात आले. गुणसूत्रांची मोठी मोडतोड कमी, पण शरीराचा एक भाग बदललेला आणि दुसरा न बदललेला अशा माश्या जास्त. कधी कधी तर परिणाम पुढच्या पिढीत उमटे. याचा अर्थ रसायनाचा घाव आणि कायमचे उत्परिवर्तन या दोहोंमध्ये पेशीचे स्वतःचे काही व्यवहार घडतात. डीएनएची रचना १९५३ साली कळली, त्या घावाची दुरुस्ती करणारी यंत्रणा त्याहून पुढे उमगली; पण या मधल्या टप्प्याकडे बोट दाखवणाऱ्या नोंदी आधीपासून तिच्या वह्यांत होत्या. १९५७ साली ती रॉयल सोसायटीची सदस्य झाली. प्राध्यापकपद मात्र तिला १९६७ मध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर मिळाले. दर तीन वर्षांनी ‘नवीन काय?’ असे विचारणाऱ्या आजच्या अनुदानपद्धतीत त्या वह्या भरल्या गेल्या असत्या का, याविषयी मी साशंक आहे.

रेणवीय जीवशास्त्र या क्षेत्रात खऱ्या अर्थाने शिरले ते अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ ब्रूस एम्स यांच्या हातून. साल्मोनेला जीवाणूचे असे वाण त्यांनी घडवले की ज्यांना हिस्टिडिन हे अमिनो आम्ल स्वतःला बनवता येत नाही. हिस्टिडिनचा केवळ अंश असलेल्या अगारच्या थाळीवर असे जीवाणू पसरले तर ते दोन-चार वेळा विभागतात, फिकट साय धरल्यासारखा एक थर तयार होतो आणि वाढ थांबते. पण तपासायच्या रसायनाने एखाद्या जीवाणूतले बिघडलेले जनुक उलट्या उत्परिवर्तनाने पुन्हा चालू केले, तर त्याची वसाहत वाढून टाचणीच्या डोक्याएवढी दिसू लागते. दोन दिवसांत निकाल. अडचण अशी होती की कित्येक रसायने मुळात निरुपद्रवी असतात आणि यकृतातील विकरांनी त्यांच्यावर प्रक्रिया केल्यावर घातक होतात. जीवाणूला तर यकृत नसते. हाइनरिख मॉलिंग यांनी १९७१ साली उंदराच्या यकृताचा अर्क वापरून हा मार्ग दाखवला होता. एम्स यांनी १९७३ मध्ये यकृताचा अर्क थेट थाळीतच मिसळला आणि एक सुटसुटीत चाचणी जगाच्या हाती दिली. ती त्यांनी अडवून ठेवली नाही. वाण मागेल त्याला पाठवले.

परिणाम झटपट दिसले. १९७५ साली त्यांच्या प्रयोगशाळेने बाजारातील १६९ केसरंग तपासले, त्यांतले १५० उत्परिवर्तनकारी निघाले. १९७७ च्या आरंभी एम्स आणि आर्लीन ब्लम यांनी मुलांच्या झोपण्याच्या कपड्यांत आग लागू नये म्हणून घातल्या जाणाऱ्या ट्रिस या रसायनाबद्दल इशारा दिला आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेत असे कपडे विकण्यावर बंदी आली. मुलांना आगीपासून वाचवण्याच्या सद्हेतूने केलेल्या नियमातून हे रसायन घरोघरी पोहोचले होते.

मात्र एम्स यांच्या कारकिर्दीचा उत्तरार्ध अनेक पर्यावरणवाद्यांना पचला नाही. १९९० साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी लिहिले की अमेरिकी माणसाच्या आहारातून पोटात जाणाऱ्या कीटकनाशकांपैकी वजनाने ९९.९९ टक्के वनस्पतींनी स्वसंरक्षणासाठी स्वतःच बनवलेली असतात, आणि त्यांतली जी मोजकी तपासली गेली त्यांतली निम्म्याच्या आसपास उंदीरवर्गीय प्राण्यांत भल्या मोठ्या मात्रेत कर्करोगजनक ठरली. निष्कर्ष असा, की मोठ्या मात्रेच्या चाचणीतला ‘होय’ हा छोट्या मात्रेच्या आयुष्यातला ‘होय’ असतोच असे नाही. उद्योगांनी हे वाक्य ढालीसारखे वापरले हे खरे. मला त्यांचा प्रत्येक निष्कर्ष पटतो असेही नाही. नैसर्गिक विषे पुष्कळ आहेत म्हणून मानवनिर्मित विषाची भर क्षम्य ठरत नाही. पण आपल्याच चाचणीच्या ‘होय’चा अर्थ किती ताणावा याची मर्यादा ती चाचणी शोधणाऱ्यानेच सांगावी, ही गोष्ट मला या शास्त्राच्या प्रकृतीला साजेशी वाटते.

कारण खोटे ‘होय’ हे या क्षेत्राचे जुने दुखणे आहे. जीवाणूंची एक आणि सस्तन प्राण्यांच्या पेशींवरच्या दोन अशा तीन चाचण्या एकत्र केल्या तर प्रत्यक्षात कर्करोग न करणारे बहुसंख्य पदार्थही कुठल्या तरी एकीत दोषी ठरतात, असे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात दिसले. कारणांपैकी एक असे की वर्षानुवर्षे वापरल्या जाणाऱ्या हॅम्स्टरच्या आणि उंदराच्या पेशीवाणांत पी५३ या रखवालदार प्रथिनाचे काम धड चालत नव्हते. इजा झालेल्या पेशीला थांबवणारे कुणी नसल्यामुळे साधा ताणही गुणसूत्रांची मोडतोड म्हणून नोंदला जात होता. पी५३ शाबूत असलेल्या मानवी पेशी वापरल्यावर दिशाभूल कमी झाली. हे काम ज्यांनी केले त्यांनी नवे विष शोधले नाही, नवे जनुकही शोधले नाही. आपली मोजपट्टी वाकडी होती हे शोधले. वृत्तपत्रांच्या दृष्टीने याला बातमीमूल्य नाही, पण यातून किती निर्दोष औषधे अकाली मरण्यापासून वाचली असतील आणि किती प्राण्यांवरचे प्रयोग टळले असतील, याचा विचार केला पाहिजे. नरेंद्र सिंग आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली आजच्या प्रचलित रूपात बसवलेली कॉमेट चाचणी हेही याच जातीचे काम. एकेका पेशीला जेलमध्ये बसवून विजेचा प्रवाह सोडला की तुटलेला डीएनए धूमकेतूच्या शेपटासारखा मागे ओढला जातो. त्या शोधनिबंधाने कोणत्याही एका रसायनाचा निकाल लावला नाही, पण पुढे जगभर असंख्य निकाल त्याच्या आधाराने लागले.

आता कुलूपबंद कपाटांविषयी. नव्या पदार्थाची सुरक्षितता सिद्ध करण्याचा भार उत्पादकावर टाकणे तत्त्वतः योग्यच आहे. नफा त्याचा, खर्चही त्याचा. पण चाचणी कुठे करायची हे तोच ठरवतो, पैसे तोच देतो आणि अहवालही त्याच्याच मालकीचा राहतो, तेव्हा कुंपणाच्या हाती शेत सोपवल्यासारखे होते. शेत खाल्ले गेल्याचे उदाहरण नोंदलेले आहे. इंडस्ट्रियल बायो-टेस्ट ही अमेरिकेतील एक फार मोठी विषशास्त्रीय प्रयोगशाळा होती. १९७६ साली सरकारी तपासनिसांनी तिचे दप्तर उघडले तेव्हा बनावट नोंदी सापडल्या, आणि तिच्या अहवालांवर विसंबून परवाने मिळालेल्या कित्येक रसायनांचा पाया डळमळला. त्यातून १९७८ मध्ये ‘गुड लॅबोरेटरी प्रॅक्टिस’ची नियमावली आली. प्रत्येक खाडाखोडीवर सही, प्रत्येक काचपट्टी जपून ठेवणे, प्रत्येक उंदराचा हिशेब, ही शिस्त आज आपल्याला अंगवळणी पडली आहे. ती मोलाची आहे. पण ती नोंद खरी असल्याची हमी देते. योग्य प्रश्न विचारला गेल्याची हमी देत नाही, आणि नोंद कुणाला पाहायला मिळेल याविषयी तर काहीच बोलत नाही.

ग्लायफोसेट या तणनाशकाच्या वादात हे उघडे पडले. मार्च २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने ते माणसात बहुधा कर्करोगजनक असल्याचे आणि त्याच्या जनुकीय विषारीपणाचा पुरावा भक्कम असल्याचे म्हटले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ते जनुकांना अपायकारक असण्याची शक्यता कमी असल्याचा निर्वाळा दिला. दोन्हीकडे जाणती माणसे होती. फरकाची कारणे अनेक, पण त्यांतले एक साधे होते. पहिल्या संस्थेने फक्त प्रसिद्ध झालेला, कुणालाही वाचता येणारा पुरावा धरला. दुसरीने त्याच्या जोडीला उद्योगांनी सादर केलेले अप्रकाशित अहवालही धरले, ज्यांत बहुतांशी ‘काही आढळले नाही’ असे होते. ते अहवाल कदाचित उत्तमही असतील. पण जे वाचताच येत नाही त्यावर विश्वास तरी कसा ठेवणार आणि ते खोडून तरी कसे काढणार? अखेर मार्च २०१९ मध्ये युरोपीय न्यायालयाने, पर्यावरणात सोडल्या जाणाऱ्या रसायनाच्या अभ्यासांची माहिती जनतेपासून लपवता येणार नाही, असा निकाल दिला. आणि मार्च २०२१ पासून तिथे परवान्यासाठी सादर होणारे अभ्यास खुले करण्याचा कायदा लागू झाला. हा कायदा अन्नसाखळीपुरता आहे. तेच तत्त्व औषधांना, सौंदर्यप्रसाधनांना आणि औद्योगिक रसायनांना सर्वत्र लावले जावे, अशी माझी मागणी आहे.

यावरचा व्यापारी गुपिताचा आक्षेप मला फारसा वजनदार वाटत नाही. पदार्थ कसा बनवला हे गुपित असू शकते. तो उंदराच्या अस्थिमज्जेत काय करतो हे गुपित असू शकत नाही. दुसरा आक्षेप मात्र गंभीर आहे. कच्चे आकडे लोकांसमोर टाकले की त्यांतला एखादा सुटा ‘होय’ उचलून भीतीचा बाजार मांडला जाईल, असे म्हणतात, आणि तसे होतेही. टायटॅनियम डायऑक्साइड या पांढऱ्या रंगद्रव्याविषयी युरोपच्या प्राधिकरणाने २०२१ साली ‘जनुकीय विषारीपणाची शंका नाकारता येत नाही’ असे म्हटले आणि २०२२ मध्ये त्याचा खाद्यपदार्थांतला वापर तिथे बंद झाला. ‘नाकारता येत नाही’चे ‘सिद्ध झाले’ व्हायला समाजमाध्यमांवर एक दिवसही लागला नाही. तरीही दार बंद ठेवणे हा यावरचा उपाय नव्हे. बंद दारामागच्या ‘नाही’वर कुणी विश्वास ठेवत नाही, म्हणूनच उघड्यावरचा एक ‘होय’ इतका मोठा आवाज करतो. शंभर ‘नाही’ त्यांच्या आकड्यांसह शेजारी दिसत असते, तर त्या एका ‘होय’चे वजन वाचकाला अदमासता आले असते.

आणि केवळ खुलेपणाने भागत नाही, हे नायट्रोसअमाइनांच्या प्रकरणावरून दिसते. डायमिथाइलनायट्रोसअमाइन हे द्रावक हाताळणाऱ्या कामगारांच्या यकृताला इजा झाल्यावरून जे. एम. बार्न्स आणि पीटर मॅगी यांनी इंग्लंडमध्ये त्याचा माग घेतला आणि १९५६ साली ते उंदरांच्या यकृतात कर्करोग करते हे छापून आणले. ते डीएनएवर नेमका कुठे घाव घालते हे पुढच्या दशकात कळू लागले. २०१४ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रांत औषधातील अशुद्धींसाठी दिवसाला १.५ मायक्रोग्रॅम ही सर्वसाधारण मर्यादा ठरवताना नायट्रोसअमाइनांना खास धोकादायक म्हणून त्या सवलतीतून वगळलेलेही होते. इतके सगळे ठाऊक असताना जुलै २०१८ मध्ये रक्तदाबावरच्या व्हल्सार्टन या औषधात हेच रसायन सापडले आणि अनेक देशांतून औषध मागे घ्यावे लागले. एका उत्पादकाने काही वर्षांपूर्वी औषध बनवण्याची कृती बदलली होती. द्रावकातून निघालेले डायमिथाइलअमाइन आणि नंतर घातलेले सोडियम नायट्राइट एकाच भांड्यात भेटत होते. रसायनशास्त्राच्या पदवीच्या विद्यार्थ्याला कागदावर लिहून दाखवता येईल अशी ही क्रिया. गुणवत्तेच्या चाचण्या दर खेपेला होत होत्या, पण त्या यादीत असलेल्या अशुद्धीच शोधत होत्या आणि ही यादीत नव्हती. दिवसाला ९६ नॅनोग्रॅम ही तिची मर्यादा ठरली ती नंतर.

इथे माहिती दडवलेली नव्हती. ती ६२ वर्षे ग्रंथालयात पडून होती. उणीव होती ती कृती बदलल्यावर पुन्हा एकदा शंका घेणाऱ्या, जुने शोधनिबंध आठवणाऱ्या, आणि तेवढ्याच कामासाठी पगार मिळणाऱ्या माणसांची. प्रकरण निघाल्यावर आणखी एक गोष्ट समोर आली. नेहमीच्या पद्धतीने केलेली एम्स चाचणी काही नायट्रोसअमाइनांना पकडण्यात कमी पडते. उंदराबरोबर हॅम्स्टरच्या यकृताचाही अर्क, तोही ३० टक्के इतक्या जास्त प्रमाणात घेतला आणि थाळीवर ओतण्याआधी जीवाणू, रसायन व अर्क अर्धा तास एकत्र ठेवले, तर ती बरीच संवेदनशील होते. हॅम्स्टरचे यकृत या रसायनांवर अधिक जोमाने काम करते हे या विद्येतल्या जुन्या मंडळींना माहीत होते. ‘सुधारित चाचणी’ म्हणून नियामकांनी ती मागायला सुरुवात केली तेव्हा ही जुनी वहीतली गोष्ट एकाएकी कोट्यवधींच्या उलाढालीचा प्रश्न झाली.

म्हणून संशोधकाच्या मूल्यमापनाचा प्रश्न हा केवळ विद्यापीठांचा घरगुती प्रश्न नाही. नवलाईवर बढती आणि शोधनिबंधांच्या संख्येवर अनुदान मिळत असेल, तर शहाणा तरुण संशोधक दहा पदार्थांतला जो एक हानिकारक निघाला तेवढाच छापेल आणि नऊ खणात टाकील. पुढे कुणी त्या विषयाचा आढावा घेईल तेव्हा त्याला जग आहे त्याहून दसपट विषारी दिसेल. उद्योगाची प्रयोगशाळा नेमके उलटे करते. तिथे नऊ ‘नाही’ पुढे येतात आणि दहावा ‘पुन्हा तपासू’ म्हणून मागे राहतो. एकीकडे फक्त होकार, दुसरीकडे फक्त नकार, आणि मधोमध गोंधळलेला नागरिक. उत्पादकांकडून शुल्क घेऊन ते एका सामाईक निधीत जमा करावे आणि चाचणी कोणत्या प्रयोगशाळेत व्हायची हे नियामकाने ठरवावे. नकारार्थी निकाल आकडेवारीसह नोंदवणे हे संशोधनकार्य म्हणून मोजले जावे. पद्धती बसवणाऱ्या, वाण आणि पेशी राखणाऱ्या माणसांना प्रकल्पाच्या मुदतीपुरत्या नव्हे तर कायम जागा असाव्यात. यांतल्या शेवटच्या गोष्टीला पैसा लागतो आणि तिथेच सगळे हात आखडता घेतात. पण एक औषध बाजारातून परत बोलावण्याचा खर्च कुणीतरी या जागांच्या पगाराशेजारी मांडून पाहावा.

काही वर्षांपूर्वी मी एका मूल्यमापन समितीपुढे बसलो होतो. माझ्या कामात बहुतेक पदार्थ निर्दोष निघाले होते आणि द्रावक दिलेल्या साध्या गटांच्या मोजण्यांचा तर ढीग होता. समितीतील एका सद्गृहस्थांनी कागद चाळून, अगदी सौजन्याने, यात नवीन काय असे विचारले. मला नीट उत्तर देता आले नाही. पुढे मार्गदर्शक सूत्रे सुधारली आणि त्यांत असे आले की कोणत्याही प्रयोगाचा निकाल त्या प्रयोगशाळेतल्या साध्या गटांच्या जुन्या नोंदींशी ताडून पाहावा. नैसर्गिक चढउतार किती हे ठाऊक असल्याशिवाय वाढ झाली की नाही हे सांगता येत नाही. त्या प्रयोगशाळेत आता मोजणीचे बरेचसे काम यंत्र करते. पण नव्या पदार्थाचे आकडे आले की एक तक्ता उघडला जातो, आणि त्याच्या सुरुवातीच्या ओळींत हजारामागे दोन, हजारामागे तीन, पुन्हा दोन, असे माझ्या हातचे आकडे आहेत.